गलोर

हेमू तांडेलाने सिगारेटचं पाकीट उलटं करून दिलं.
आतल्या पांढऱ्या बाजूवर बॉलपेनने
जी, ए, एल, ओ, आर, ई.
“ह्या फिशच्या मागसून लिव.”
मी म्हटलं, बंगलोरातलं बॅन खाल्लंस काय रे?
“तुका काय करूचा? अक्षरां काढ.
मस्कताक बघलंय मी, हाटेलार.”

चाळीस रुपये अक्षर. दहा अक्षरं.
शेवटचा ई बोलत नाही, एवढं मला ठाऊक होतं.
तीस वर्षं बोटींवर नावं रंगवतोय,
मुके ई पुष्कळ पाहिलेत.
मुका असला तरी रंग तेवढाच पितो.

पण अर्थाशिवाय हात वळत नाही माझा.
दुपारी बस्त्याव सरांकडे गेलो.
ते अंगणात आमसुलं उलटत बसले होते,
बोटं मनगटापर्यंत लाल.
“खूप,” ते म्हणाले,
“पण आपल्या खूपसारखा पुढे पुढे करत नाही.
खूप मासे, रग्गड मासे, बक्कळ, मोप, चिक्कार,
आपले सगळे माशांच्या आधी धावतात,
होडी लागायच्या आत काठावर ओरडतात.
हा मागून येतो.
आधी मासे. मग हा.
मासेच नसले तर ह्याला टेकायला जागा नाही.”

मी उठलो, तर म्हणाले, थांब.
“मुळात तो इंग्रजांचा नव्हेच. आयर्लंडचा.
तिथे त्याचा अर्थ एवढाच: पुरेसं होईल इतकं.”
“म्हणजे पुरो?”
सरांनी एक आमसूल उन्हात धरून पाहिलं.
“पुरोच मरे.”

त्या रात्री बल्बखाली निळा रंग घोटताना
डोक्यात तेच.
भरपूर आणि पुरे,
एकाच घरातले दोघे,
एक दार उघडतो, दुसरा लावतो,
आणि मी इतकी वर्षं
त्यांना ओळखपाळख नसल्यासारखं वागवलं.
ओ जरा मोठा झाला. राहू दिला.

देवबागच्या वाटेवर बोर्ड लागला: फिश गलोर.
त्या आठवड्यात समुद्रात काही नव्हतं.
दूरवर मोठ्या बोटींचे दिवे, रात्रभर,
जणू पाण्यात कुणाचं लग्न.
हेमूची सुरमई मलप्याहून आली, टेम्पोतून,
थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात डोळे उघडे ठेवून.

पहिल्या दिवशी मलाही जेवायला बसवलं.
पुण्याची माणसं फोटो काढत होती.
शालनवहिनी वाढत आली, मी ताटावर हात आडवा धरला.
“पुरो, वयनी.”
“घेवा मरे, एक तुकडो.”
“पुरो.”
नंतर हात धुताना मागच्या पडवीत दिसली,
भात आणि नुसती कढी,
टोपाच्या तळाला कालवण चाटून झालेलं,
आणि ती मजेत, बोटं चाटत,
शेजारणीला पाहुण्यांची नक्कल करून दाखवत होती.
माझ्या आडव्या हाताचीसुद्धा.

वैशाखातल्या एका पहाटे रापण लागली.
मी कामाला निघालो होतो, डबे सायकलला,
पण दोर वाळूत समोर पडला की
माणूस काय करणार?
धरला.
दोराला हात लावला त्याला वाटा, हा जुना नेम,
कोणी विचारत नाही तू कुठला, किती ओढलंस.
चोवीस जण होतो. जाळ्यात बहुतेक शेवाळ,
थोडे पेडवे, एक चिडलेला खेकडा,
आणि बांगडे.
रापणकाराने वाळूवर ढीग मांडले,
उरलेले दोन इकडून तिकडे केले,
पुन्हा इकडे केले.
माझ्या वाट्याला तीन.

घरी माणसंही तीनच.

संध्याकाळी हिशेबाची वही काढली.
टर्पेंटाइन इतकं, ब्रश इतके,
खाली बोर्डावरच्यासारखं, नाव आधी ठेवून, लिहिलं:
बांगडे गलोर. नग तीन.

आणि त्याखाली:
हेमूकडून ई-चे चाळीस अजून येणे.
म्हणतो, बोलत नाही त्याचे कसले पैसे?